पगार विचारायला लाजू नकोस

पत्र: मॅडम, मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातली. यंदा मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झाले, ७१ टक्के पडले. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस. धाकटा भाऊ लातूरला नीटच्या क्लासला आहे, घरातला सगळा पैसा सध्या तिकडे जातो. माझ्यापुढे तीन वाटा आहेत. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका औषध कंपनीत क्यूसी मायक्रोला, म्हणजे औषधांच्या जंतुतपासणीला, १६,५०० रुपयांवर घेतायत. आमचे एक सर म्हणतात, माझ्याकडे पीएचडीला लाग, पीएचडीशिवाय प्राध्यापक होता येत नाही, फेलोशिपचं पुढे बघू. वडील म्हणतात बीएड कर, नाहीतर स्थळं बघायला घेतो. त्यात मावसभावाने अमेरिकेतल्या मायक्रोबायोलॉजिस्टचा पगार पाठवला, वर्षाला ८५ हजार डॉलर. ते बघून रात्रभर झोप लागली नाही. आमच्या वर्गात २४ पैकी १९ मुली होत्या, अजून एकीलाही नोकरी नाही. या विषयात खरंच काही आहे का, की माझी पाच वर्षं वाया गेली?

उत्तर:

पोरी, ही पाच वर्षं वाया गेलेली नाहीत. पुढची पाच मात्र जाऊ शकतात, आणि ती घालवायची सगळ्यात सोपी वाट तुझ्या पत्रात दुसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणून आधी सरांच्या पीएचडीचं बोलते.

‘फेलोशिपचं पुढे बघू’ एवढ्या शब्दावर नाव नोंदवू नकोस. सर मनाने चांगले असतील, तसंच धरून चालू. तरीही नको. मी हे करून बसलेली आहे. एमएस्सीनंतर एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं बिनपगारी होते. सकाळी साडेनऊला पोचायचं, आदल्या दिवसाची काचेची भांडी घासायची, बीएस्सीच्या पोरांच्या प्रॅक्टिकलचा मीडिया, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, करून ठेवायचा, वेळ उरला तर माझं काम. केमिकल संपलं की महिना-महिना हात बांधून बसायचं. एसटीच्या पासाचे पैसे वडील दर महिन्याला देवळीत ठेवायचे. हातात द्यायचे नाहीत, मला ओशाळं वाटू नये म्हणून. मी ते बरोबर सात वाजता, घरात कोणी नसताना उचलायचे. दोन वर्षांनी रजिस्ट्रेशन सोडलं तेव्हा माझ्याकडे पदवी नव्हती आणि अनुभवाचा दाखलाही नव्हता. पगारच नव्हता, तर दाखला कशाचा देणार?

जिथे तुला पैसे मिळत नाहीत तिथे तुझा दिवस कोणी मोजत नाही. मग तीन वर्षांचं काम सात वर्षं चालतं, आणि त्यात कोणाचंच काही जात नाही, फक्त तुझं जातं.

आता पगारी पीएचडीचे आकडे बघ. सीएसआयआर-यूजीसीची नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे पुढच्या टप्प्याची फेलो, झालीस की ४२,०००. वर घरभाडं वेगळं. प्रयोगशाळांच्या प्रकल्पांवर प्रोजेक्ट असोसिएट घेतात, तिथे केंद्राच्या सुधारित दराने नेट असेल तर ३७,००० आणि नसेल तर ३०,००० आहेत. शिवाय राज्याच्या फेलोशिप आहेत: अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. तू कोणत्या प्रवर्गातली ते लिहिलं नाहीस, पण यांपैकी जी लागू होते तिची जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेव. सरांना सरळ सांग, ‘सर, फेलोशिप हातात आली की तुमच्याकडेच पहिली येते.’ ज्यांना तू विद्यार्थिनी म्हणून हवी आहेस ते थांबतील.

आणि पीएचडीशिवाय प्राध्यापक होता येत नाही, हे आता खरं नाही. जुलै २०२३ पासून यूजीसीच्या नियमाने सहायक प्राध्यापकाच्या पदाला नेट किंवा राज्याची सेट परीक्षा पुरते, पीएचडी ऐच्छिक आहे. त्या पदाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, म्हणून तर सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेले. पण कायम पदं किती भरली जातात आणि तासिका तत्त्वावर किती वर्षं काढावी लागतात, हे तुझ्याच कॉलेजातल्या सीएचबीच्या, म्हणजे तासावर शिकवणाऱ्या, मॅडमला एकदा चहाला बसवून विचार. नेट-सेट दोन्ही झालेली, चाळिशीला आलेली माणसं तासावर शिकवतायत आणि परीक्षा संपली की दोन महिने कोरडे काढतायत. हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि तुला त्या रांगेच्या शेवटी उभं राहा असं मी सांगणार नाही.

वाळूजची नोकरी घे.

१६,५०० हा आकडा कमी आहे, तू कमी म्हणालीस तर मी नाही म्हणणार नाही. पण ते काम काय आहे ते कोणी तुला नीट सांगितलेलं दिसत नाही. ‘क्यूसी’ म्हटलं की मुलींना वाटतं कागद भरायचे. मी तिथे अकरा वर्षं काढली. पहिले सहा महिने तू मीडिया करशील, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, लावशील, १२१ अंशावर पंधरा मिनिटं, आणि त्याचा छापील कागद चिकटवून सही करशील. मग तुला गाउनिंग शिकवतील: कोणता हात आधी, बाही कुठे धरायची, जमिनीला कपडा लागला तर तो टाकून नवा घ्यायचा. मग क्लीन रूममध्ये उघड्या प्लेट ठेवायच्या, जास्तीत जास्त चार तास, आणि उबवून त्यावर जंतूंच्या किती कॉलनी, म्हणजे ठिपके, आल्या ते मोजायचं. एखाद्या दिवशी जिथे शून्य यायला हवं तिथे दोन कॉलनी येतात. बॅच अडकते, खालचा माणूस वर बघतो, वरचा तुझ्याकडे, आणि तू ती प्लेट उजेडात धरून सांगायचं असतं की हे हवेतलं आहे, माणसाच्या कातडीवरचं आहे की पाण्यातून आलंय. मायक्रोबायोलॉजी मला त्या दिवशी कळली. एमएस्सीच्या दोन वर्षांत कळली नव्हती.

तिथे तुझी एक परीक्षा होईल. सलाइन-इंजेक्शनची स्टेरिलिटी टेस्ट, म्हणजे त्यात जंतू नाहीत ना याची तपासणी, चौदा दिवस चालते आणि मधले काही दिवस रविवार असतात. रविवारी बघायची नळी सोमवारी बघून रविवारची तारीख टाक, असं कोणीतरी सहज सांगेल. टाकू नकोस. न केलेल्या नोंदीवर केलेली सही ऑडिटमध्ये तुझ्या नावावर निघते, आणि ते इंजेक्शन कोणाच्या तरी शिरेत जाणार असतं. तुझी सही शुद्ध ठेव. दोन-तीन वर्षांनी कंपनीने एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, तुझं नाव पाठवून मायक्रोच्या तपासणीची अप्रूव्हल काढून घेतली की तुझी किंमत बदलते. अप्रूव्हल असलेली आणि नसलेली, यांच्या पगारातलं अंतर वाळूजला कोणालाही विचार.

होकार देण्याआधी मात्र एचआरला फोन करून विचार. कंपनीच्या रोलवर आहे की कंत्राटदाराच्या? १६,५०० हे हातात येणारे की त्यातून पीएफ कापला जाणार? मूळ पगाराच्या १२ टक्के तुझे जातात, तेवढेच कंपनी घालते. काही ठिकाणी कंपनीचा वाटाही तुझ्याच आकड्यात मोजून दाखवतात. महिन्याचा पगार २१,००० च्या आत असला की ईएसआयही लागू होतं, म्हणजे आजारपणाला आधार. शिफ्ट कोणत्या, रात्रीची असेल तर गाडी घरापर्यंत येते का? आणि बाँड मागतात का? मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेट कोणाकडेही ठेवायला देऊ नकोस. झेरॉक्स दे, मूळ दाखव आणि परत घे. हे विचारलं म्हणून नोकरी गेली, असं मी एवढ्या वर्षांत एकदाही पाहिलं नाही. न विचारता लागलेल्या आणि सहाव्या महिन्यात रडत परत आलेल्या मुली मात्र पाहिल्यात.

या नोकरीला दोन वर्षांची मुदत घाल, आणि त्या दोन वर्षांत नेटचे चार प्रयत्न कर. परीक्षा साधारण वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्राची असते. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. आपल्या मुली कुठे अडकतात ते मला पाठ झालंय: पार्ट सीमध्ये. ७५ प्रश्नांपैकी २५ सोडवायचे, प्रत्येकाला चार गुण, म्हणजे निम्मा पेपर तिथेच. ते प्रश्न पाठांतराचे नसतात. एक प्रयोग देतात, एक आलेख किंवा जेलचं चित्र देतात आणि विचारतात, यातून काय सिद्ध होतं? आपण नोट्सवर वाढलेली माणसं, आपल्याला तिथे घाम फुटतो. अभ्यासक्रमात तेरा घटक आहेत, सगळे डोक्यावर घेऊ नकोस. तुझं सूक्ष्मजीवशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र, इम्युनॉलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि प्रयोगाच्या पद्धतींचा तेरावा घटक, एवढं पक्कं कर. रोज एका शोधनिबंधातली एकच आकृती घे आणि खालचा मजकूर झाकून, ती काय सांगते ते मराठीत मोठ्याने बोल. मराठीत आधी समजलं की इंग्रजीत सोडवता येतं. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांतला चौथा हिस्सा कापतात, तेव्हा अंदाजपंचे हात मारायचा नाही. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे आणि बायकांना वर पाच वर्षांची सवलत. म्हणजे तुझं घड्याळ घरचे सांगतात तेवढ्या जोरात पळत नाहीये.

आता चौथी वाट, बियाण्यांची. तू सेलूची, जालना तुझ्यापासून रेल्वेने तास-दीड तासावर, आणि तुझ्या पत्रात जालन्याचं नावही नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या एका कंपनीभोवती बियाण्यांचं गावच उभं राहिलं. तुमच्या घरी दर मे महिन्यात वडील काय करतात ते आठव. पोतं भिजवून जमिनीवर अंथरतात, दहा-दहा सोयाबीनच्या दहा ओळी लावतात, गुंडाळून ठेवतात आणि आठवडाभराने सोडून मोजतात. सत्तर कोंब आले तर पेरायचं. बियाणे कायद्यात सोयाबीनची किमान उगवण सत्तर टक्केच आहे. प्रयोगशाळेत हेच चारशे दाण्यांवर करतात, शंभराचे चार भाग, ठरलेलं तापमान, आणि शेवटी नीट रोप, वाकडं रोप, कडक राहिलेला दाणा, कुजलेला दाणा अशी वेगवेगळी मोजणी. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून किती आरडाओरड झाली, खंडपीठापर्यंत गेलं ते प्रकरण, तुमच्याही शेतात दुबार पेरणी झाली असेल. त्या मोजणीमागे बसलेलं माणूस नीट शिकलेलं हवं. बियाण्यांच्या कंपन्यांत शेतकी पदवीवाल्यांना आधी घेतात, हे मी लपवत नाही. पण रायझोबियम-ट्रायकोडर्मासारखी जिवाणू-बुरशीची खतं आणि कीडनाशकं बनवणारी युनिट, टिश्यू कल्चर, आणि कापसाच्या बियाण्याची जनुकीय शुद्धता तपासणाऱ्या लॅब, यांना मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेकवाले लागतात. जालन्याच्या चार कंपन्यांना आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला तुझा अर्ज फेब्रुवारीच्या आत गेला पाहिजे, कारण खरिपाआधीचे महिने तिथे हातघाईचे असतात.

सरकारी परीक्षांत एक तुझ्या कामाची आहे: अन्न सुरक्षा अधिकारी. मायक्रोबायोलॉजीची पदवी त्याला चालते. न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या जाहिरातीही बघत जा, संभाजीनगर आणि नांदेड दोन्हीकडे विभागीय प्रयोगशाळा आहेत. जागा थोड्या निघतात, तेव्हा यांच्या भरवशावर घरी बसायचं नाही.

मावसभावाचा आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या २०२३ च्या नोंदीत मायक्रोबायोलॉजिस्टचा मधला पगार ८५,४७० डॉलर आहे. मधला म्हणजे निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली, आणि त्यात वीस-वीस वर्षं काम केलेले आले. त्याच नोंदीत प्रयोगशाळेतल्या टेक्निशियनचा मधला पगार ५१,४३० आहे, वन्यजीव अभ्यासणाऱ्यांचा ७०,६००, बायोकेमिस्ट आणि बायोफिजिसिस्टचा १,०७,४६०. आणि पीएचडी करून पोस्टडॉकला, म्हणजे त्यापुढच्या संशोधनाला, लागलेल्याला तिथल्या आरोग्य संस्थेच्या २०२४ च्या दराने सुरुवातीला ६१,००८. म्हणजे तिथेही जीवशास्त्रात लांब रांग आहे आणि ती पीएचडीनंतरही संपत नाही. डॉलरला रुपयाने गुणून छातीत धडकी भरवून घेऊ नकोस, तिथलं घरभाडंही डॉलरातच द्यायचं असतं. पण त्यांची एक गोष्ट मला फार आवडते: तिथे जीवशास्त्राची पीएचडी सहसा कोणी पदरमोड करून करत नाही. फी माफ असते आणि वर दरमहा पैसे मिळतात. पुढे कधी तिकडे जायचं झालं तर त्याच वाटेने जा. कर्ज काढून मास्टर्स करायला नको, चार एकर गहाण ठेवून तर मुळीच नको.

२४ मध्ये १९ मुली, हे तू जाता जाता लिहिलंस, पण मी तिथेच अडकले. देशभरात असंच आहे. २०२१-२२ च्या उच्च शिक्षणाच्या सर्वेक्षणात विज्ञान शाखेत ५७ लाखांवर विद्यार्थी होते, त्यातल्या जवळपास ३० लाख मुली. म्हणजे वर्गात आपण जास्त. आणि संशोधनाच्या नोकऱ्यांत मोजलं तर पाच माणसांत एक बाईसुद्धा भरत नाही. मधल्या मुली जातात कुठे? मला माहीत आहे कुठे जातात, माझ्या वर्गातल्याही तिथेच गेल्या. तेविसाव्या वर्षी ‘एमएस्सी झालेली मुलगी’ म्हणून बायोडाटावर लिहिलं जातं आणि त्यानंतर तो कागद फडताळात जातो. सरोज म्हणून माझ्या बाकावर होती, स्टेनिंगमध्ये तिच्यासारखा हात मी परत पाहिला नाही. आज ती सुनेला सांगते की मीही एकदा मायक्रोस्कोप बघायचे. तिचा नवरा वाईट नाही, सासरही वाईट नव्हतं. तिच्या हातात त्या वेळी स्वतःचा पगार नव्हता, म्हणून तिची बदली, तिची रजा, तिची परीक्षा यांचा विचार करायची कोणाला गरज पडली नाही. एवढंच झालं.

म्हणून वडिलांशी बोलताना ‘मला लग्न करायचं नाही’ असं म्हणू नकोस, ते तुझ्या मनात नसेलही. पुरणाच्या स्वयंपाकासारखा वेळ काढून त्यांच्याजवळ बस आणि कागदावर मांड. बीएडला दोन वर्षं आणि फी जाणार. मायक्रोबायोलॉजी हा शाळेत शिकवायचा विषय नाही, तेव्हा तुझ्या पदवीवर कोणतं पद मिळतं ते आधी त्यांनाच चौकशी करायला सांग. आणि संस्थेत लागायला काय मागतात, ते गावात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग दुसऱ्या बाजूला लिही: दोन वर्षं वाळूजची, पगार बँकेत, त्यातले महिन्याला तीन हजार भावाच्या क्लाससाठी. हे शेवटचं लिहायला विसरू नकोस. आपल्याकडचा बाप पोरीच्या पैशाला हात लावत नाही, पण पोरीने देऊ केले ही गोष्ट तो चार माणसांत सांगतो.

स्थळ आलंच तर पहिल्या भेटीत तूच सांग, की मी वाळूजला नोकरी करते आणि डिसेंबरला माझी परीक्षा आहे. त्यावर समोरचा काय बोलतो ते नीट ऐक. तो पगार विचारेल. तूही विचार.

राहायचं बजाजनगरात बघ, कंपनीची बस तिथून जाते आणि मुलींच्या मेस आहेत. माझ्या दोन विद्यार्थिनी तिथे खोली करून आहेत, एक क्यूसीत आणि एक पाण्याच्या लॅबमध्ये, आणि तिसरी गेल्या महिन्यात लग्न होऊन लातूरला गेली. तिची कॉट रिकामी आहे. रुजू व्हायची तारीख कळव, म्हणजे मी त्यांना सांगून ठेवते.